मंडेलांच्या भाषणातला मी स्किप केलेला भाग

(नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’, ‘तर’, ‘अॅक्चुअली’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीतून निघालाय, म्हणून आधी ती कबूल करते.

मागच्या महिन्यात मी कंपनीच्या बसमधून हिंजवडीला जात होते. ट्रॅफिक नेहमीचाच, हातात एक तास. म्हटलं, नेल्सन मंडेलांचं तुरुंगातून सुटल्यानंतरचं पहिलं भाषण ऐकू. ११ फेब्रुवारी १९९० चं, केपटाऊनमधलं. स्पीड दीडपट. सुरुवात छान झाली. मी तुमच्यापुढे प्रेषित म्हणून नाही, तुमचा सेवक म्हणून उभा आहे, अशा अर्थाचं काहीतरी. आणि मग यादी सुरू झाली. यांना सलाम, त्यांना सलाम, अमुक संघटना, तमुक काँग्रेस, हे कॉम्रेड, ते कॉम्रेड. मी पंधरा सेकंद पुढे ढकललं. अजून यादीच. परत ढकललं. चार वेळा. शेजारी बसलेली माझी टीममेट म्हणाली, “काय गं, इतकं काय स्किप करतेयस?” मी म्हटलं, “काही नाही, आभारप्रदर्शन चाललंय.”

त्या रात्री जेवताना डोक्यात एकच नाव घोळत होतं. स्किप करता करता कानावर पडलेलं. ॲशली क्रील. कोण हा? सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेला माणूस बाहेर आल्यावर पहिल्या काही मिनिटांतच ज्याचं नाव घेतो, तो कोण?

शोधायला बसले आणि रात्रीचा एक वाजला. मग ते भाषण परत ऐकलं, नॉर्मल स्पीडवर. आता मला वाटतं की त्या दिवसाचं भाषण म्हणजे मुळात ती यादीच होती. बाकीचं राजकारण होतं, महत्त्वाचं होतं, पण ते कोणीही अंदाजाने लिहू शकलं असतं.

आधी तो दिवस डोळ्यांसमोर आणू. रविवार. पार्लजवळचा व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंग. नऊच दिवस आधी, २ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, म्हणजे एएनसी, कम्युनिस्ट पक्ष आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस यांच्यावरची बंदी उठवली होती. ९ तारखेला त्यांनी मंडेलांना बोलावून सांगितलं, तुम्हाला सोडतोय. यावर मंडेला काय म्हणाले असतील? म्हणाले, मला एक आठवडा द्या, तयारी करायची आहे. सत्तावीस वर्षं वाट पाहिलेला माणूस म्हणतो, अजून सात दिवस थांबा! डी क्लर्क तारीख बदलायला तयार नव्हते. त्यांना मंडेलांना विमानाने जोहान्सबर्गला नेऊन तिथे सोडायचं होतं. मंडेलांनी सांगितलं, मी याच तुरुंगाच्या दारातून चालत बाहेर पडणार. शेवटी तारीख सरकारची आणि जागा मंडेलांची, असं ठरलं.

दुपारी तीनची वेळ दिली होती, बाहेर पडायला चार वाजून गेले. पत्नी विनींचा हात हातात. मग गाड्यांचा ताफा केपटाऊनकडे. शहराच्या मधोमध ग्रँड परेड नावाचं मोठं मैदान आहे, समोर सिटी हॉल. तिथे लोक सकाळपासून उन्हात उभे होते. गाडी पोचली तर लोकांनी तिला असा गराडा घातला की ड्रायव्हर घाबरला आणि गाडी काढून शहरात भलतीकडेच निघून गेला. मंडेला एका ओळखीच्यांच्या घरी जाऊन बसले. तिथे आर्चबिशप डेसमंड टुटूंचा फोन आला: ताबडतोब या, नाहीतर इथे काहीतरी भयंकर होईल.

परत आले तोवर संध्याकाळ उतरायला लागली होती. बाल्कनीत उभे राहिले, खिशातून भाषणाचे कागद काढले आणि लक्षात आलं, चष्मा तुरुंगातच राहिला. मग विनींचा चष्मा लावून भाषण वाचलं. फोटोत बघा, चेहऱ्याला न शोभणारा मोठा चष्मा दिसतो. शेजारी माईक धरून उभा असलेला तरुण माणूस सिरिल रामाफोसा, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

तारखेबद्दल अजून एक गोष्ट, जी मला आधी अजिबात माहीत नव्हती. त्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. सगळ्या रंगांचे, धर्मांचे लोक एकत्र राहायचे. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने ती वस्ती ‘फक्त गोऱ्यांसाठी’ म्हणून जाहीर केली. साठ हजारांहून जास्त लोकांना उचलून शहराबाहेरच्या वाळूच्या पठारावर, केप फ्लॅट्सवर नेऊन टाकलं आणि घरांवर बुलडोझर फिरवले. बरोबर चोवीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच रिकाम्या जागेच्या शेजारी हे भाषण होत होतं. मैदानातल्या गर्दीत त्या वस्तीतून हाकललेले किती असतील, विचार करा.

आता यादीकडे. एक गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय ती कळत नाही. त्या देशात नाव घेणं हाच गुन्हा होता. १९५० च्या कम्युनिझमविरोधी कायद्यापासून पुढे जे कायदे आले, त्यांत सरकार एखाद्या व्यक्तीवर ‘बंदी’ घालू शकायचं. म्हणजे तो माणूस सभेला जाऊ शकत नाही, लिहू शकत नाही आणि त्याचं म्हणणं दुसऱ्या कोणी छापलं तर छापणाराही गुन्हेगार. बंदी असलेल्या संघटनेचा झेंडा दाखवला तरी तुरुंग. कित्येक तरुण ज्याच्या सुटकेसाठी मोर्चे काढत होते, त्या मंडेलांचा आताचा चेहरा कसा आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. एएनसीवर १९६० पासून बंदी होती. तीस वर्षं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक अख्खी पिढी डेटाबेसमधून डिलीट करायचा प्रयत्न होता, बॅकअपसकट.

आणि बंदी उठून नऊ दिवस झालेले असताना हा माणूस सिटी हॉलच्या बाल्कनीतून, जगभरच्या टीव्ही कॅमेऱ्यांसमोर, एकेक नाव मोठ्याने वाचतो.

सशस्त्र लढ्यातली त्याने दोन नावं घेतली. सॉलोमन महलांगू आणि ॲशली क्रील. हजारो गेले होते, नावं दोनच.

महलांगू प्रिटोरियाजवळच्या मामेलोडीचा. जन्म १९५६ चा. वडील घर सोडून गेलेले, आई मार्था लोकांच्या घरी घरकाम करायची. १६ जून १९७६ ला सोवेटोमध्ये शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते तुम्हाला जुन्या एपिसोडमधून आठवत असेल. त्यानंतर हजारो मुलं देश सोडून गेली, त्यांतला हा एक. अंगोलात प्रशिक्षण घेतलं आणि जून १९७७ मध्ये परत आला. १३ जूनला, सोवेटोच्या पहिल्या वर्षदिनाला तीन दिवस असताना, तो आणि त्याचे दोन साथीदार जोहान्सबर्गमध्ये शस्त्रांनी भरलेल्या बॅगा घेऊन निघाले होते. पोलिसांनी हटकलं, पळापळ झाली. एक निसटला. महलांगू आणि मोंडी मोटलाउंग गॉक स्ट्रीटवरच्या एका गोदामात शिरले. तिथे मोटलाउंगने गोळीबार केला. दोन गोरे कर्मचारी मेले.

इथे थांबायला हवं. ते दोघे सैनिक नव्हते, पोलीस नव्हते. कामावर आलेली माणसं होती. एपिसोड लिहिताना हा भाग गाळावा का, असा विचार मी केला होता, कारण ‘हुतात्मा’ म्हटल्यावर गोष्ट स्वच्छ असली की बरं वाटतं. पण गाळला तर मीही तेच केलं असतं, सोयीची नावं ठेवायची आणि गैरसोयीची काढून टाकायची. ती दोन माणसं मेली, हे महलांगूच्या गोष्टीचा भाग आहे.

पुढे काय झालं तेही त्याच गोष्टीत आहे. पकडल्यावर मोटलाउंगला इतकी मारहाण झाली की मेंदूला इजा होऊन तो खटल्याला उभा राहण्याच्या अवस्थेत उरला नाही. मग ज्याने गोळी झाडली नव्हती त्या महलांगूवर खटला चालला. ‘समान उद्देश’ या तत्त्वाखाली. दोघांचा हेतू एक, म्हणून साथीदाराच्या गोळीला हाही जबाबदार. मार्च १९७८ मध्ये फाशीची शिक्षा. संयुक्त राष्ट्रांपासून अनेकांनी थांबवण्याची विनंती केली. सरकारने ऐकलं नाही. ६ एप्रिल १९७९ ला प्रिटोरियात त्याला फाशी दिली. वय बावीस.

६ एप्रिल ही तारीखही बघा. १६५२ मध्ये यान व्हॅन रीबीक याच दिवशी केपला उतरला होता आणि गोरे दक्षिण आफ्रिकन हा दिवस सणासारखा पाळायचे. मामेलोडीत अंत्ययात्रेला गर्दी उसळेल या भीतीने पोलिसांनी त्याला घरापासून दूर, अॅटरिजव्हिलला पुरलं. आईला मुलाचं थडगं आपल्या वस्तीत आणायला १९९३ उजाडावं लागलं. मधल्या काळात एएनसीने टांझानियात मोरोगोरोजवळ निर्वासित मुलांसाठी शाळा काढली, तिला त्याचं नाव दिलं.

आता ॲशली क्रील, ज्याच्यामुळे हा एपिसोड झाला.

तो केपटाऊनचाच. त्याच केप फ्लॅट्सवरचा, बॉन्टेहिव्हल नावाच्या वस्तीतला. सरकारी वर्गीकरणात ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय. शाळेत असतानाच भाषणं द्यायला लागला आणि त्याचं बोलणं ऐकायला मोठी माणसं यायची. पोलीस मागे लागले, १९८५ च्या सुमारास देशाबाहेर गेला, अंगोलात प्रशिक्षण घेतलं, १९८७ मध्ये लपून परत आला. ९ जुलै १९८७ ला अॅथलोनमधल्या एका घरात पोलिसांनी त्याला गाठलं आणि त्याच्या पाठीत गोळी लागून तो मेला. वीस वर्षांचा होता. पोलीस म्हणाले, झटापटीत त्याच्याच पिस्तुलातून गोळी सुटली. कुटुंबाने हे कधीच मान्य केलं नाही. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून हे झालं, त्या जेफ्री बेन्झिनला १९९९ मध्ये सत्यशोधन आयोगाच्या प्रक्रियेत माफी मिळाली. हा तोच बेन्झिन, ज्याने आयोगासमोर कैद्याच्या तोंडावर ओली पिशवी कशी बांधायची याचं प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं. क्रीलच्या मृत्यूबद्दलची शंका आजही संपलेली नाही. २०१६ मध्ये त्याच्यावर ‘अॅक्शन कमांडंट’ नावाचा माहितीपट आला, तो शोधून बघा.

म्हणजे ११ फेब्रुवारी १९९० ला त्याला जाऊन अडीच वर्षंच झाली होती. मैदानातल्या गर्दीत त्याचे वर्गमित्र असणार. त्याच्या अंत्ययात्रेत चाललेले असणार. आणि मंडेला त्याला भेटलेलेही नव्हते. त्याच्या जन्माच्या वेळी, १९६६ मध्ये, ते रॉबेन बेटावर दगड फोडत होते. तरी त्या बाल्कनीतून त्या मुलाचं नाव आलं. ज्या शहरात ते उच्चारलं गेलं, तिथे ते कोणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. मला मात्र, हिंजवडीच्या बसमध्ये, ते आभारप्रदर्शन वाटलं.

इथे एक छोटीशी गोष्ट सांगते, आणि ती या विषयापुढे क्षुल्लक आहे हे मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आमचं एक मोठं रिलीज झालं. सगळ्यांना थँक्यू मेल मी लिहिला. मॅनेजर, क्लायंट, आर्किटेक्ट, सगळे आले. ज्या टेस्टरने दोन रात्री जागून शेवटचा बग पकडला होता, तिचं नाव राहिलं. मुद्दाम नाही, विसरले. ती म्हणाली, “असू दे गं, काय फरक पडतो.” पण नंतर कितीतरी दिवस मी पॅन्ट्रीत तिला टाळत होते. तेव्हापासून कोणाची यादी बघितली की मी आधी बघते, यात शेवटून कोण आहे आणि कोण नाहीच आहे.

कोण नाही, याकडे येतेच. आधी चार कम्युनिस्ट.

मंडेलांनी म्हटलं, मोझेस कोटाने, युसुफ दादू, ब्राम फिशर आणि मोझेस माभिदा यांची स्मृती पिढ्यानपिढ्या जपली जाईल. टीव्हीसमोर बसलेल्या गोऱ्या प्रेक्षकांना हे झोंबलं असणारच, कारण चाळीस वर्षं त्यांना सांगितलं गेलं होतं की कम्युनिस्ट म्हणजे राक्षस. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे चौघे त्या दिवशी कुठे होते ते शोधलं. कोटाने मॉस्कोच्या दफनभूमीत, १९७८ पासून. माभिदा मोझांबिकची राजधानी मापुटोत, १९८६ पासून. दादू लंडनच्या हायगेट दफनभूमीत, कार्ल मार्क्सच्या थडग्याजवळ, १९८३ पासून. तिघेही परदेशात वारले, कारण घरी परत येता आलं नाही. माभिदांचे अवशेष २००६ मध्ये मायदेशी आले, कोटानेंचे २०१५ मध्ये.

दादू आपल्याला थोडे जवळचे. त्यांचं कुटुंब गुजरातमधून तिकडे गेलेलं. त्यांचा जन्म १९०९ चा, क्रुगर्सडॉर्पमधला. एडिंबरात डॉक्टर झाले आणि परत येऊन राजकारणात पडले. १९४७ मध्ये त्यांनी, डॉ. नायकर यांनी आणि एएनसीचे डॉ. झुमा यांनी एक करार केला, जो ‘तीन डॉक्टरांचा करार’ म्हणून ओळखला जातो. भारतीय आणि आफ्रिकन संघटना एकत्र लढतील, एवढंच त्यात होतं. पण तोवर तसं नव्हतं, हे लक्षात घ्या. मंडेलांच्या त्या यादीत नाताळ इंडियन काँग्रेसचंही नाव आहे, जी १८९४ मध्ये गांधींनी स्थापन केली होती. हे मी आधी स्किप केलं होतं!

आणि चौथे ब्राम फिशर. यांच्यावर खरं तर वेगळा एपिसोड हवा.

फिशर आफ्रिकानर. म्हणजे ज्या समाजाने वर्णभेदाचं राज्य उभं केलं, त्यातल्या अगदी वरच्या घराण्यातले. आजोबा ऑरेंज रिव्हर वसाहतीचे पंतप्रधान, वडील न्यायाधीश, स्वतः ऑक्सफर्डला शिकलेले वकील. नुसतं गप्प बसले असते तरी देशातलं कोणतंही पद मिळालं असतं. १९६३-६४ च्या रिव्होनिया खटल्यात मंडेला आणि साथीदारांचा बचाव करणाऱ्या वकिलांचे ते प्रमुख होते. सगळ्यांना वाटत होतं फाशी होणार. १२ जून १९६४ ला जन्मठेप झाली. म्हणजे जीव वाचले.

दुसऱ्याच दिवशी फिशर पती-पत्नी गाडीने केपटाऊनकडे निघाले असताना अपघात झाला, गाडी पाण्यात पडली आणि त्यांची पत्नी मॉली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत फिशर रॉबेन बेटावर आले, अपील करायचं का हे विचारायला. बोलणं झाल्यावर मंडेलांनी सहज विचारलं, मॉली कशी आहे? फिशर वळले आणि काही न बोलता थोडे पुढे गेले. मग दुसराच विषय काढला. ते निघून गेल्यावर तुरुंगातल्या एका अधिकाऱ्याने मंडेलांना सांगितलं की मॉली गेली. मंडेलांनी फिशरना सांत्वनाचं पत्र लिहिलं. तुरुंगाने ते पाठवलंच नाही.

फिशर पुढे स्वतःच भूमिगत झाले, १९६५ च्या शेवटी पकडले गेले, १९६६ मध्ये जन्मठेप. वकिलांच्या यादीतून नाव कापलं गेलं. तुरुंगात कॅन्सर झाला. अगदी शेवटी त्यांना भावाच्या घरी, ब्लूमफाँटेनला ठेवलं, पण ते घरच कागदोपत्री तुरुंग म्हणून जाहीर केलं. ८ मे १९७५ ला ते गेले. अंत्यसंस्कारानंतर तुरुंग खात्याने अस्थी परत मागितल्या, कारण कैदी त्यांचा. त्या अस्थींचं पुढे काय झालं, ते कोणालाही कळलेलं नाही.

पुन्हा भाषण ऐकताना ‘ब्राम फिशर’ या दोन शब्दांवर मी थांबले. न पोचलेल्या त्या पत्राला तोवर सव्वीस वर्षं होत आली होती. मंडेलांच्या मनात तेव्हा ते पत्र होतं का, हे मी सांगू शकत नाही. आवाज तर सपाट आहे. ते सगळीच नावं एकाच चालीत वाचतात, पाढे म्हटल्यासारखी.

त्या सपाटपणामुळेच तेव्हा बरीच टीका झाली. अनेकांना भाषण रटाळ वाटलं. वाट पाहिली होती महान वक्त्याची आणि समोर आला पक्षाचा कार्यकर्ता. शिवाय ते म्हणाले की सशस्त्र लढा सुरू राहील, निर्बंध उठवू नका, आणि त्याच श्वासात डी क्लर्क प्रामाणिक माणूस आहेत असंही म्हणाले. म्हणजे कोणीच पूर्ण खूश नाही. भाषण एकट्याने लिहिलेलंही नव्हतं, स्वागत समितीतल्या साथीदारांबरोबर बसून तयार केलं होतं, त्यामुळे थोडा समितीचा वास येतोच.

यादीचं एक थेट राजकीय कारणही होतं, ते लपवायला नको. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मंडेला तुरुंगातूनच सरकारशी गुप्त बोलणी करत होते, तीही सुरुवातीला साथीदारांना न सांगता. बाहेर कुजबुज होती, म्हाताऱ्याने सौदा केला की काय? बाल्कनीतून प्रत्येक संघटनेचं, प्रत्येक गटाचं नाव घेणं म्हणजे सांगणं होतं की मी तुमचाच आहे, एएनसीचा शिस्तीतला सदस्य आहे, एकट्याने काही विकलेलं नाही. हिशेब होता त्यात. हिशेब आणि श्रद्धांजली एकाच वाक्यात राहू शकतात, असं माझं मत. संघटनांची नावं हिशेबाने आली असतील. फिशरचं नाव घेऊन १९९० मध्ये एकही मत मिळणार नव्हतं.

आणि सगळीच नावं मोठ्यांची नव्हती. त्यांनी आयांना, बायकांना, बहिणींना वेगळं स्थान दिलं आणि म्हटलं की वर्णभेदाने सगळ्यात जास्त वेदना तुम्हाला दिली. मार्था महलांगू तेव्हा जिवंत होत्या. ब्लॅक सॅशचं नाव घेतलं. या गोऱ्या बायका, १९५५ पासून अंगावर काळा पट्टा घालून रस्त्याकडेला मुकाट्याने उभ्या राहायच्या. घरच्यांना म्हणाले, तुमचं दुःख माझ्यापेक्षा जास्त होतं. हा माणूस आईच्या अंत्यसंस्काराला जाऊ शकला नव्हता, १९६८ मध्ये. पुढच्या वर्षी मोठा मुलगा अपघातात गेला, तिथेही नाही. यांतलं काहीही भाषणात नाही.

आता कोण नाही. स्टीव्ह बिको नाहीत. १९७७ मध्ये पोलीस कोठडीत डोक्याला मार लागून मेलेले, ब्लॅक कॉन्शसनेस चळवळीचे. रॉबर्ट सोबुक्वे नाहीत. पास कायद्याविरुद्धच्या ज्या आंदोलनात १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं मारली, ते आंदोलन त्यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचं होतं. १९७८ मध्ये नजरबंदीतच गेले. दोघेही एएनसीचे नव्हते. कारण एवढंच असेल तर मला ते खटकतं, आणि त्या मैदानातही कोणाला तरी खटकलं असेल. मंडेलांनी बिकोंची भरपाई नंतर केली. १९९७ मध्ये, मृत्यूला वीस वर्षं झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष म्हणून ईस्ट लंडन शहरात बिकोंच्या पुतळ्याचं अनावरण केलं.

यादी १९९० मध्ये संपली नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. त्या दिवशी मंडेलांनी जिवंत माणसांत पहिला सलाम केला ऑलिव्हर टांबोंना. १९५२ मध्ये दोघांनी मिळून जोहान्सबर्गमध्ये वकिलीचं ऑफिस काढलं होतं. टांबो तीस वर्षं परदेशात राहून एएनसी चालवत होते आणि त्या संध्याकाळी पक्षाघाताचा झटका आल्यामुळे स्वीडनमध्ये उपचार घेत होते. पुढच्याच महिन्यात मंडेला त्यांना भेटायला स्टॉकहोमला गेले. टांबो परत आले, पण २४ एप्रिल १९९३ ला वारले. त्याच्या दोनच आठवडे आधी, १० एप्रिलला, ख्रिस हानींची त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून हत्या झाली होती. मतदानाला वर्ष राहिलं होतं.

२७ एप्रिल १९९४. मंडेला आयुष्यातलं पहिलं मत द्यायला कुठे गेले? जोहान्सबर्गमध्ये घराजवळ देता आलं असतं. ते गेले डर्बनजवळच्या इनांडाला, ओहलांगे हायस्कूलमध्ये. ही शाळा जॉन दुबेंनी काढली होती, जे १९१२ मध्ये एएनसीचे पहिले अध्यक्ष झाले. गांधींची फिनिक्स वसाहत तिथून जवळच. शाळेच्या आवारात दुबेंची कबर आहे. मंडेला आधी तिथे गेले आणि कबरीपाशी उभं राहून अध्यक्षांना कळवलं की देश स्वतंत्र झाला. म्हणजे चक्क रिपोर्टिंग केलं. मग मत दिलं.

पाच दिवसांनी, २ मे ला, जोहान्सबर्गच्या कार्लटन हॉटेलमध्ये विजयाचं भाषण झालं. मंडेलांना सर्दी-ताप होता, सुरुवातीलाच माफी मागितली. आणि परत यादी! दुबे, गुमेदे, नायकर, अब्दुरहमान, लुथुली, लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, दादू, कोटाने, हानी, टांबो. म्हणाले, हे सगळे आज इथे असायला हवे होते, कारण हा विजय त्यांचाही आहे. चार वर्षांपूर्वी ज्यांना जिवंतपणी सलाम केला होता, ते टांबो आता या बाजूच्या यादीत होते. या वेळी मी काही स्किप केलं नाही. नावं लिहून काढली आणि एकेक शोधत बसले.

त्यातल्या दोघींवर पुढचा एपिसोड. लिलियन न्गोयी आणि हेलन जोसेफ, एक कपड्यांच्या कारखान्यातली कामगार आणि एक इंग्लंडहून आलेली गोरी बाई. ९ ऑगस्ट १९५६ ला वीस हजार बायका घेऊन या दोघी प्रिटोरियात थेट पंतप्रधानांच्या कचेरीवर गेल्या होत्या. हातात सह्यांचे गठ्ठे, आणि पंतप्रधान जागेवर नव्हते. पुढे काय झालं ते पुढच्या शुक्रवारी. भेटू.